तांबरवाडीच्या शिवेवरचा दिवा

इथले गूढ अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर हसून सोडून देते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, तीही भूगोल घेऊन... असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे घडलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपन्या नव्यानंच निघत होत्या. बरकतपुऱ्यातल्या अशाच एका कंपनीत मी जिल्ह्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर उतरवत असे – तालुके, सर्कल, गावांच्या शिवा. त्या वर्षी माझ्याकडे सीमेवरचा एक लहानसा जिल्हा आला, आणि त्यात आमचीच तांबरवाडी.

तांबरवाडी बेचिराख. म्हणजे सरकारदरबारी गाव आहे, पण राहायला माणूस नाही. आजोबांच्या काळात पटकी आली, गाव उठलं, आम्ही पांगत पांगत अंबरपेठेत आलो. तरी दर पोळ्याला बापू – माझे वडील – शिवेवरच्या मारुतीपुढे कणकेचा दिवा लावून यायचे. लहानपणी मी सोबत असे. एस.टी.तून उतरून ज्वारीतून चालायचं, आईनं फडक्यात बांधलेली भाकरी मारुतीपाशी बसून खायची... बापूंच्या डाव्या अंगठ्याचं पेर कडबा कापताना गेलेलं. त्यामुळे दिव्यात तेलासाठी खळगा पाडला की तो एका बाजूला तिरका व्हायचा. मी हसायचे.

त्या वर्षी बापू अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. साहेबांनी सांगितलं होतं, बेचिराख गावं जाऊन बघा. तिथं काहीच नसेल तर शेजारच्या गावात मिसळून टाका. मी ते बापूंना सांगितलं.

"गाव उठलं म्हणून शिव उठते का, माय?"

"बापू, तिथं कुत्रंसुद्धा नाही. नकाशात ठेवू तरी काय म्हणून?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

नेमकी पोळ्याच्या दिवशीच सकाळी आमची जीप निघाली. सोबत यादगिरी, आमचा सर्व्हेअर. दुपारी पोचलो. पाऊलवाट गवतात बुडालेली, गवत कुठं मोडलेलं नाही. आणि मारुतीपुढे कणकेचा दिवा तेवत होता.

"मॅडम, इधर कोई नै रहता बोले थे ना?" यादगिरी म्हणाला.

मी वाकून बघितलं. कणीक अजून ओली होती. खळगा एका बाजूला तिरका.

तालुक्याला येऊन एस.टी.डी. बूथवरून घरमालकांकडे फोन लावला, आईला बोलावून घेतलं.

"बापू कुठंयत?"

"कुठं जातील बाई? तू गेल्यावर कणीक मागून घेतली, डाव्या हातानं दिवा केला, उशाशी ठेवला. आता सापडंना. गोधडी झटकली, खाटेखाली बघितलं... उंदरानं नेला म्हणते मी, तर नुसते हसायलेत."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "तांबरवाडी मिसळली?"

"नाही सर. तिथं दिवा लागतो."

"कोण लावतं?"

"गावातलीच माणसं," मी म्हटलं. त्यांनी खांदे उडवले. शिव राहिली, नाव राहिलं. बापूंना तो नकाशा छापून आणून दाखवला, तेव्हा डाव्या हातानं बराच वेळ कुरवाळत राहिले. दिव्याचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बापू गेले. आता पोळ्याला मी जाते. कणीक मळते, अंगठा दाबते... खळगा सरळच पडतो. अंबरपेठेतल्या उशाशी ठेवलेला तो दिवा तिथवर कसा पोचला, हे मला आजही सांगता येत नाही.