चिंचेवरचे मालक

"आले, आले! मालक आले!" असं म्हणत बाई शेजारच्याचं मनगट पकडायच्या. शेजारी कोण आहे हे त्या बघत नसत. एकदा तर त्यांनी चाळीच्या वॉचमनचं मनगट धरलं होतं, आणि तो बिचारा घाबरून "मी काय केलं?" म्हणाला होता. बहुतेक वेळा मात्र शेजारी मी असायची.

मालक म्हणजे वटवाघळं. चिंचपोकळीच्या एका चाळीच्या अंगणात थोरली चिंच आहे आणि तिच्यावर त्यांची वस्ती. रात्रभर कुठे कुठे फळं खाऊन ती पहाटे घरी परततात. आधी आकाश नुसतंच करडं असतं, मग एकाएकी त्यात काळे पंख दिसू लागतात, एकामागून एक, आणि झाडावर जागेवरून भांडणं सुरू होतात. आपल्यापैकी कितीजण अशा झाडांखालून रोज स्टेशनला जातात आणि मान वर करत नाहीत! मीही त्यातलीच होते.

बाई मूळच्या ठाकूरद्वारच्या. साठीच्या जवळ आलेल्या, चणीने एवढ्याशा, आणि वटवाघळांमधले विषाणू हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली होते. काम सांगायला सोपं. उजाडायच्या आधी झाडाखाली पांढरं प्लास्टिक अंथरायचं, वरून जे पडेल ते कापसाच्या काडीने टिपायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं, आणि त्यात कोरोनाच्या कुळातलं काही आहे का ते शोधायचं. वटवाघळाला हातही लावायचा नाही. "आपण पाहुणे, ते मालक," बाई म्हणायच्या. त्यांचं दुसरं पेटंट वाक्य होतं, "खरं तेच सांगायचं, पण चहाबरोबर सांगायचं."

एवढ्या हुशार बाईंनी पहिल्याच दिवशी घोटाळा केला. नियमाप्रमाणे आम्ही पायापासून डोक्यापर्यंत पांढरे पोशाख चढवले आणि थेट अंगणात शिरलो. लॉकडाऊन उठून फार काळ झाला नव्हता. मुंबईच्या चाळीत पांढरा पोशाख दिसला की त्याचा अर्थ एकच. क्षणात सगळ्या गॅलऱ्या भरल्या. "कोणाला झालं? अरे, कोणाला झालं?" एकीने तर रडायलाच सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दूध न घेताच दार लावून आत बसले.

वटवाघळांचं काम आहे म्हटल्यावर भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. चाळ कमिटीच्या काकांनी निर्णय देऊन टाकला. आधी फटाके लावून वाघळं उडवायची, मग झाड तोडायची परवानगी काढायची.

बाई त्याच संध्याकाळी साधी सुती साडी नेसून काकांच्या दारात उभ्या राहिल्या. "चुकलं माझं. आधी तोंड दाखवायला हवं होतं, मग मास्क. चहा द्याल का?"

चहा आला. बाईंनी समजावलं, की फटाके लावले तर ही सगळी बिथरून लालबाग-परळभर पांगतील, आणि भेदरलेल्या जनावरातून विषाणू जास्त बाहेर पडण्याची भीती असते. आहेत तिथे शांत आहेत, ते बरं आहे.

"मॅडम, सरळ बोला," काका म्हणाले. "तुमच्या टेस्टमध्ये काय निघालं तर?"

"सगळ्यात आधी तुम्हाला सांगीन."

"आणि निघालं तर झाड जाणार. संक्रांतीपर्यंत थांबतो."

त्यानंतर बाई पोशाख अंगणातच सगळ्यांसमोर चढवू लागल्या. "हे हातमोजे, हा चष्मा, आता मी भूत दिसणार!" गॅलरीतून हसू यायचं. खाली राहणाऱ्या मालवणी काकू तर पहाटे उठून लांब उभ्या राहून बघत.

आणि संक्रांतीच्या तोंडावर ती दुपार आली. यंत्राच्या पडद्यावर चिंचेखालच्या नमुन्याची रेघ सपाट चालली होती, चालली होती, आणि अचानक वर चढू लागली, म्हणजे नमुन्यात विषाणू होता. "आले, आले!" बाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी वाकली. नुसता नाच चालला होता आमचा! पुढच्या तपासात कुळ तेच निघालं, माणसांत आलेला मात्र हा नव्हता, निराळाच होता. इतक्या वर्षांच्या कामाचं चीज झालं होतं.

मग मला चिंच आठवली. "बाई, चाळीत काय सांगायचं? अजून नक्की नाही म्हणूया का?"

त्या खुर्चीत बसल्या. चेहरा पार उतरला होता. "खरं तेच सांगायचं," त्या म्हणाल्या. "या वेळी तिळगुळाबरोबर."

त्यांनी चाळीच्या अंगणात, झाडापासून लांब, हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून जाळीच्या झाकण्या आणल्या, गॅलरीत वाळत घातलेल्या पापड-सांडग्यांवर घालायला. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून कुंकू लावायला त्यांनी मला उभं केलं. काकाही कमिटीला घेऊन मागे उभे होते.

बाई म्हणाल्या, "सापडलाय. कोरोनाच्या कुळातला आहे. आपल्याला झाला तो हा नव्हे, आणि माणसाला याची बाधा झाल्याचं अजून तरी दिसलेलं नाही. उद्याचं मी छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा येणार. तुम्ही खाणं झाका, खाली पडलेल्या पिल्लाला हात लावू नका, आणि त्यांना हुसकू नका. तो वर आहे, त्याला खाली बोलवायचं नाही."

"म्हणजे निघालाच!" काका म्हणाले.

मालवणी काकू उठल्या. माझ्या हातातून कुंकवाची कोयरी घेतली आणि सरळ बाईंसमोर गेल्या. "बाय, तुका कोणी लावूक नाय? थांब." त्यांनी बाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "खरा सांगल्यान ना तिना? खोटा सांगूक येय नव्हता? झाड रवांदे. मी तोडूक देवचंय नाय."

बायका एकेक करून उठल्या आणि झाकणी घेऊन गेल्या. काकांनीही शेवटी एक मागून घेतली. संध्याकाळी वटवाघळं चिंचेवरून उडाली तेव्हा बाई कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून वर बघत राहिल्या.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. झोपेत, हृदय थांबून. पुढच्या खेपेला पांढरं प्लास्टिक घेऊन मी एकटी गेले. चष्मा चढवावा तर आतून डोळे भरून येत होते. प्लास्टिक अंथरून झालं आणि मी बाजूला झाले, तर मालवणी काकू मास्क लावून नेहमीच्या जागी उभ्या. आम्ही दोघी शेजारीशेजारी उभ्या राहून वर बघू लागलो.

आकाश करडं झालं. पहिले पंख दिसले आणि काकूंनी माझं मनगट गच्च पकडलं.

"इले गो, इले! मालक इले!"

मनगट चांगलंच दुखत होतं. मी सोडवून घेतलं नाही.