बिबळ्याचा पेला

लातूरहून मी भोकरला निघालो ते दाजींच्या अंगठ्यासाठी. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. शुगर जुनी, पायाच्या अंगठ्याला जखम, आणि गोळ्या बंद करून बसलेले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, नाहीतर अंगठा काढावा लागेल. दाजींनी डॉक्टरकडे जाणंच सोडलं. त्यांना बिबळ्याचा (विजयसार, जंगलातलं टणक लाकडाचं झाड) पेला हवा होता. त्यात रात्री पाणी ठेवायचं, सकाळी प्यायचं, की शुगर गायब!

बसमध्ये सगळेच वैद्य निघाले. “बिबळ्याचा डिंक दातदुखीला लई गुणाचा हाय, जुलाबाला बी देतेत,” शेजारचे म्हणाले. मागच्या बाईंनी गळवावर पाला बांधायला सांगितला. विष्णुपुरीला गोदावरी दिसली, पण खिडकीबाहेर बघायला कुणाला सवड नव्हती.

भोकरला सुशीलाची (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट नाश्ता) प्लेट संपवून मी हे पेले घडवणाऱ्या दत्तामामा सुतारांचं घर गाठलं. त्यांनी ओट्यावर बसूनच पेल्यात रात्रभर ठेवलेलं तपकिरी पाणी उन्हात धरलं. कडेला निळसर झाक आली. मग ते पाणी स्वतःच प्याले, खिशातून गोळी काढली आणि तीही गिळली.

“ही कशाची?”

“शुगरची. डाक्टरची हाय.”

“मग पेला कशाला?”

“पेला बी हाय की. नुसत्या पाण्यावर राहायला मी येडा हाय का?”

“लोकांना सांगता हे?”

“कोन इचारून राहिलंय?”

मला हसू आलं आणि दाजींचा रागही आला.

पेला घेऊन दाजींच्या घरी पोचलो तर त्यांनी पेल्याच्या आनंदात ताईला शिरा करायला लावलेला.

“पाव्हणं, मामा सोता पितेत का?”

“पितात. पण गोळीशिवाय झाड लागूच पडत नाही.” दुसरं वाक्य माझ्या पदरचं.

दाजी विचारात पडले. “मग डाक्टरनं हे आधी का न्हाई सांगितलं?”

ताईनं हसू दाबत गोळ्यांची पट्टी आणली. शिऱ्याची ताटली मात्र तिनं माझ्यासमोर सरकवली.

अंगठा वाचला. दाजी गल्लीभर झाडाचं गुणगान करतात, डॉक्टरचं नाव चुकूनही घेत नाहीत. परवा शेजारच्या शुगरवाल्या काकांना त्यांनी मामांचा पत्ता दिला.

“गोळीचं सांगितलं का?” मी विचारलं.

“गोळीत काय हाय? ती कुटं बी मिळती.”

काकांनी त्याच दिवशी गोळ्या सोडल्याचं कळलं. मी चप्पल घातली. काकांचं घर दोन दारं सोडून आहे, पण त्यांच्या गळी गोळी उतरवण्यापेक्षा भोकर जवळ होतं.