आधी घोडी, मग नवरदेव

घोडेसर आधी घोड्याला नमस्कार करत, मग माणसाला. राहुरीच्या पेठेतून बॅण्डवाल्याची घोडी चालली की सरांची स्कूटर कडेला लागलीच म्हणून समजा. तिच्या मानेवरून हात फिरवून ‘काय बाई, खाल्लंस का काही?’ असं विचारणार आणि मग लगाम धरणाऱ्याची खुशाली घेणार. माझ्या धाकट्या दिरांच्या लग्नात त्यांनी नवरदेवासाठी आणलेला हार आधी घोडीच्याच गळ्यात घातला. दीर अजून ते विसरलेले नाहीत.

त्यांचं खरं आडनाव शाळेच्या दप्तरापुरतंच उरलं होतं. ते चित्रकला शिकवत, मी मराठी. घरंही एकाच गल्लीत. त्यांचे वडील भिंगारला नालबंद होते, घोड्यांच्या खुरांना नाल ठोकायचे. सरांचं लहानपण घोड्यांच्या पायांशीच गेलं, त्यामुळे चित्रही ते पायांपासून सुरू करत. खूर, घोटा, गुडघा असं वर चढत जायचे आणि मानेशी येईपर्यंत कागद संपायचा. मग घोडा मान खाली घालून चरायला लागायचा. ‘सर, तुमच्या एकाही घोड्याची मान ताठ नाही,’ मी चिडवायची. ‘उपाशी असतात हो, बाई. मास्तराच्या घरचे घोडे!’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

रविवारी लेकीला, ऋतुजाला, मागे बसवून स्वारी निघायची. कधी मुळा धरणाच्या बाजूला, कधी पार कर्जतकडच्या माळावर काळविटं बघायला. घरी गॅस संपलाय, पाहुणे यायचेत, कशाची म्हणून शुद्ध नसे. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, ‘मला शिंगं असती तर माझ्याकडंबी बघितलं असतं यांनी!’

उसात बिबट्या दिसायला लागला तेव्हा ग्रामपंचायतीने सावधानतेचा फलक सरांकडून रंगवून घेतला. सरांनी असा देखणा बिबट्या काढला की पोरं त्याच्याशेजारी उभी राहून सेल्फी काढायला लागली. सरपंच धावत आले. ‘सर, त्याचे दात दाखवा की जरा! लोकास्नी भ्या वाटाया पायजे.’ सर म्हणाले, ‘तो काय टूथपेस्टची जाहिरात करतोय?’ दात शेवटपर्यंत काढले नाहीतच. खाली मोठ्या लाल अक्षरांत ‘लांबूनच बघा’ एवढं लिहून दिलं.

या वेडापायी ऋतुजाचं लग्न मोडता मोडता राहिलं. मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत इंजिनिअर, घरचे लोकही चांगले. फक्त त्याच्या मामांना डीजे पाहिजे होता. ऋतुजालाही हवा होता, सरांना घोडीपायी नको होता आणि त्यावरून बापलेकीत अबोला चालला होता. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. परण्या निघाला, डीजे सुरू झाला आणि सर मांडवातून उठून तडक घोडीपाशी गेले. ती घामाने निथळत होती, कान मागे पाडले होते, मागचा एक पाय टेकत नव्हती. सरांनी लगाम धरला.

‘डीजे बंद करा. ही पुढं जाणार नाही.’

‘सर, तुमी मुलीचे बाप. मांडवात बसा,’ मामा म्हणाले. ‘घोडी धरायचं काम तुमचं न्हाई.’

‘कामाचं मागाहून बघू. तिला उभं राहवत नाही.’

मामांचा आवाज चढला. वऱ्हाडातून कोणीतरी ‘चला माघारी’ म्हणालं. वहिनी रडायला लागल्या. बापाला आता लेकच समजावील म्हणून मी आत जाऊन ऋतुजाला घेऊन आले. हळदीच्या अंगाने, मुंडावळ्या सावरत ती आली. बापाकडे तिने बघितलंही नाही. वाकून घोडीचा पाय बघितला आणि नवरदेवाला म्हणाली, ‘अहो, खाली उतरा. तिला दुखतंय.’

नवरदेव उतरला आणि चालत मारुतीला गेला. नवरदेवच पायी निघाल्यावर डीजेवाल्याने आवाज बंद केला. सर घोडीला लिंबाखाली घेऊन गेले. तिच्या खुरात काच घुसली होती. इकडे अक्षता पडल्या तेव्हा मुलीचा बाप तिकडे बादलीने घोडीला पाणी पाजत होता. कन्यादानाला मात्र सर ओल्या हातांनी धावत आले.

मामांनी सरांशी बोलणं सोडलं ते सोडलंच. ऋतुजा फोनवर ‘बाबा, या ना’ म्हणायची, सर काहीतरी निमित्त काढायचे. घोडे काढायचेही थांबले, नुसती काळविटं काढत बसायचे. ‘बाई, पोरीच्या लग्नाचा मी विचका केला का हो?’ असं मला पुन्हा पुन्हा विचारत. मी ‘नाही हो’ म्हणायची, पण त्यांना ते पटायचं नाही. एवढा हसरा माणूस, या एका गोष्टीने आतून खंगला. मला फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी सर अंथरुणाला खिळले. एका सकाळी गल्लीत टेम्पो थांबला. पुढून मामा उतरले आणि मागून त्यांनी घोडी उतरवली. ऋतुजाने त्यांना काही सांगितलं होतं, की त्यांच्याच मनाने घेतलं, देव जाणे. दारात उभं राहून म्हणाले, ‘सर, पोराचं लगीन काढलंय. डीजे न्हाई सांगितला, सनई सांगितलीय. घोडी तेवढी तुमी बघून द्या, मंग इसाराचे पैसे देतो.’

आम्ही सरांना खुर्चीत बसवून अंगणात आणलं. त्यांनी घोडीचा एकेक पाय उचलायला लावून बघितला. ‘चालंल,’ म्हणाले आणि मामांचा हात धरून लहान मुलासारखे रडले. त्या दुपारी त्यांनी वहिनींकडे पेन्सिल मागितली, घोडा काढायला.

लग्नाच्या महिनाभर आधी सर गेले. लग्नाला मी गेले होते. सनई वाजत होती आणि परण्याच्या पुढे ऋतुजा पैठणीचा पदर खोचून, घोडीचा लगाम धरून चालत होती. बायकांत कुजबुज झाली, ‘अगं, कोन ही? बाईमानसानं घोडी धरलीय!’

मामांच्या कानावर ते गेलं. फेटा सावरत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘आमच्या घोडेसरांची लेक हाय ती. तिनं धरल्याबिगर आमच्यात घोडी निघत न्हाई.’