एकाच खोक्यातली कुलपं

जव्हारच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. चोऱ्या वाढल्या की माझा गल्ला भरतो, हे आधीच सांगून टाकतो. उगाच साळसूदपणा नको. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, तशा विहिरीवरच्या मोटारी, केबल, शेळ्या नाहीशा व्हायला लागल्या. मग पोलिसांनी गावोगाव बैठका घेतल्या. घराला कुलूप लावा, अनोळखी गाडी दिसली तर कळवा, असं सांगितलं. सांगायला काय जातं! दिवाळी झाली की निम्मी वस्ती वीटभट्टीवर जाते. गाडीकडे बघायला मागे उरतं कोण?

तरी जामसरकडच्या एका पाड्यातल्या बायका आल्या आणि एकाच खोक्यातली सगळ्यात स्वस्त कुलपं घेऊन गेल्या. तोवर तिथे कडीत काठी अडकवली की घर बंद.

होळीला माणसं परतली. त्याच पाड्यातली एक मजूर बाई दुकानात आली. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं, पण आईनं लग्नात दिलेला पितळी हंडा गायब. कुलूप न तुटता चोरी होईलच कशी, म्हणत मी जरा तोऱ्यातच तिची किल्ली घेतली आणि त्याच खोक्यातल्या दुसऱ्या कुलपाला लावली. उघडलं. तिसऱ्याला लावली. तेही उघडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाऊक व्यापाऱ्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

बाईला नवल वाटलं नाही. एकीची किल्ली हरवली तर दुसरीची चालते, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. उलट सोयच वाटत होती. म्हणजे हंडा नेणारा बाहेरचाच होता, असं आता छातीठोकपणे म्हणता येईना. ते आम्हा दोघांनाही कळलं.

मी एक जाड, चांगलं कुलूप काढून तिच्यापुढे ठेवलं, पैसे नकोत म्हणालो. तिनं ते हातात तोलून पाहिलं आणि परत सरकवलं.

"सगळ्या पाड्यात मी एकटीनं असलं लावलं, तर ते कोणासाठी लावलं हे त्यांना समजणार नाही का? हंडा तर गेला, शेठ. आता शेजारही घालवू?"

मला रागच आला तिचा. कुलूप पुन्हा फळीवर ठेवलं.

पुढच्या दिवाळीनंतर भट्टीची जीप दुकानासमोर थांबली, तेव्हा ती आत बसलेली दिसली. घराचं काय केलं, असं मी विचारलं. दाराला तेच कुलूप लावलंय, म्हणाली, आणि किल्ली शेजारणीकडे.