गेटवरची झडती

कॅन्सरमुळे मूत्राशय काढलं आणि तीन महिन्यांनी मी चाकणच्या कंपनीत परत कामावर रुजू झालो. आता लघवी बेंबीच्या उजवीकडच्या छिद्रातून येते आणि शर्टाखाली चिकटवलेल्या पिशवीत जमते. जमते म्हणजे सतत. चिंचवडहून कंपनीची बस सुटली की माझं कोपर पिशवीवर. किती भरली? गळत तर नाही? शेजारच्याने नुसतं नाक खाजवलं तरी माझा जीव खालीवर होतो. घरीही तेच. बायको म्हणते, "अहो, जरा स्वस्थ बसा." सांगायला काय जातंय तिचं!

सगळ्यात मोठी धास्ती होती ती गेटची. आमच्याकडे पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या खिशात मावतील एवढ्या नळ्या, बनतात, म्हणून शिफ्ट सुटली की प्रत्येकाची अंगझडती. मी आधीच साहेबांच्या कानावर घातलं होतं. पहिल्याच दिवशी गार्डने मला रांगेतून बाहेर काढलं. "काका, तुमी निघा."

सुटलो म्हणावं, तर तसंही नाही. रोज बसमध्ये पहिला मी. रांगेतले माझ्याकडे बघायचे आणि मी बघितलं की भलतीकडेच. लाइनवर माझ्या हातून चूक झाली तर गुपचूप निस्तरायचे, शब्दाने बोलायचे नाहीत. त्या हळुवारपणाने माझं डोकं फिरायला लागलं.

अशात बुशांची एक पेटी गायब झाली. झडती कडक झाली, बूटसुद्धा काढायला लावायचे. मला मात्र तेच, "काका, तुमी निघा."

चार पावलं गेलो आणि पाय अडखळले. मीच चोर असलो तर? एवढासाही संशय नाही माझ्यावर? तिरमिरीत वळलो आणि रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्यामागे आणखी दहाबारा जण आले.

नंबर आल्यावर हात वर केले. "तपास."

"काका, कशाला उगाच..."

"तपास म्हणतो ना!"

त्याचा हात खांद्यांवरून कमरेपर्यंत आला आणि उजवीकडे थबकला.

"गरम लागतंय," तो हळूच म्हणाला.

"माझंच आहे. कंपनीचं नाही."

तेवढ्यात मागून कुणीतरी वैतागून ओरडलं, "ओ काका, आटपा की! बस जाईल आमची."

ऑपरेशनपासून कुणी माझ्यावर असं खेकसलं नव्हतं. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मी खाली वाकलो आणि मुद्दाम, अगदी सावकाश, बुटाची लेस सोडायला घेतली.