अक्काचं सहावं बोट

दाजींचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "अक्का गेली गं," एवढंच ते म्हणाले... गारगोटीला पोचेपर्यंत एसटीत मला तिचा चेहरा आठवेना. आठवत होता तो पदर, डाव्या हातावर सतत ओढून घेतलेला.

माझी ही थोरली बहीण डाव्या हाताला सहा बोटं घेऊन जन्मली होती. करंगळीशेजारी आणखी एक, नखासकट. मुरगूडला आमच्या घरात त्या बोटाचा विषय कुणी काढत नसे. तिला पहिलं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी, आबांनी, बजावलं, "हात पदरात ठेव, पावणं गेल्यावर काढ." एका हातानं धरलेला चहाचा ट्रे कलंडला, सावरायला दुसरा हात बाहेर आला आणि पाहुणे चहा न घेताच उठले. मग तिच्याआधी माझंच लग्न ठरवायला घेतलं. आलेल्या मंडळींनी मला दोन्ही हात पसरायला सांगितलं. आबांनी स्वतः माझी बोटं मोजून दाखवली. अक्का दारात उभी होती... त्या दहा बोटांची लाज अजून माझ्या हातांतून गेलेली नाही.

अक्का शिकली, गारगोटीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागली. दाजी तिथलेच शिक्षक. बोटाचं माहीत असूनच त्यांनी मागणी घातली. तरी वर्गात पदर हातावरच असायचा.

एकदा ती उत्परिवर्तन शिकवत होती. एका पोरानं विचारलं, "मॅडम, औषध मारूनबी किडं मरंनात. त्यास्नी सवय झाली व्हय?"

"सवय नव्हे रे. जनुकांची नक्कल होताना कधीकधी चूक होते. तसा एखादा किडा आधीपासूनच वेगळा असतो. फवारणीत बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढं त्याचीच पिल्लं वाढतात."

"मग ती चूक चांगली का वाईट?"

"फवारणी झाली म्हणून त्याच्या कामाला आली. नसती झाली तर कुणाला कळलंही नसतं."

"माणसात बी असतंय?"

"असतं," म्हणून तिनं घाईनं पान उलटलं.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. हातावरचा पदर पुन्हा पुन्हा नीट करत राहिली. मग म्हणाली, "पोरांना जनुकं शिकवते, आणि माझी जनुकं पदराखाली. आज त्या पदराचीच लाज वाटली गं."

दुसऱ्या दिवशी तिनं हात टेबलावर ठेवला. "काल विचारलं होतंस ना, हे बघ." मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्याच पोरानं भीतभीत विचारलं, "दुखतंय का मॅडम?"

"बोट नाही दुखत. हसलेलं दुखतं."

मग तिनं राहिलेला धडा शिकवला. हे मला दाजींनी सांगितलं, ती गेल्यावर. पदराचं माझ्याशी बोलली, पण हात दाखवल्याचं तिनं स्वतः कधी सांगितलं नाही. आमच्या घरातल्या कुणाला सांगावं, असं आम्ही वागलोच कुठं होतो?

दिवसकार्य उरकल्यावर दाजी तिचं सामान आवरत होते. स्कूटीच्या डिकीत तिचे सुती हातमोजे निघाले. डावा तिनं शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेला. "हा कुणाला होणार?" म्हणत दाजींनी तो माझ्यापुढं धरला. मी हात घातला. तळव्याशी कापड झिजून मऊ झालं होतं. पाच बोटं बसली आणि कडेचं एक रिकामंच लोंबत राहिलं...

दाजींच्या देखत तो लगेच काढून ठेवायची मला लाज वाटली.