पाच-एक-आठ

रसायनशास्त्राच्या सरांना अख्खी शाळा ‘पाच-एक-आठ’ म्हणायची. सरांना हे ठाऊक होतं, आणि ती आपल्या विद्वत्तेला मिळालेली पावती आहे असा त्यांचा प्रामाणिक समज होता. रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवघेवीच्या, अभिक्रियांचं संतुलन शिकवायची वेळ आली की सर बाह्या सरसावत आणि फळ्यावर लोखंड नि परमँगनेटचं समीकरण मांडत. “पाच-एक-आठ, पाच-एक-चार! घोका!” हे पाच आले कुठून, असं कुणी विचारलंच तर “पुस्तकातून” हे उत्तर तयार. दोन्हीकडचे अणू मोजायचे, जुळले की हात झटकायचे. चोवीस वर्षांत सर इलेक्ट्रॉनच्या वाटेला म्हणून गेले नव्हते.

यंदा मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीवर सरांचा डोळा होता. तपासणीचे साहेब तास बघून शिफारस करणार होते. सकाळी इस्त्रीचा शर्ट हातात देताना बायको म्हणाली, “अहो, आज तरी पाढा म्हणू नका. शिकवा थोडं.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला नाही कळत. पण तुम्ही झोपेतही तेवढंच बडबडता.”

साहेब मागच्या बाकावर येऊन टेकले. सरांनी पाढा झोकात म्हणून दाखवला.

“छान,” साहेब म्हणाले. “आता लोखंडाच्या जागी कथिल घ्या.”

सर बिलकूल डगमगले नाहीत. लोखंड काय नि कथिल काय, धातूच की! लोखंड पुसलं, कथिल लिहिलं, त्याच्या डोक्यावरचे प्रभार पुस्तकात बघून डावीकडे अधिक दोन, उजवीकडे अधिक चार टाकले, पाढ्याचे आकडे होते तसेच ठेवले. अणू मोजले. जुळले!

“सर, प्रभाराचं काय?”

आवाज साहेबांच्या शेजारून आला. गेल्या वर्षी याच प्रश्नात गचकलेली, म्हणून हा पाढा दुसऱ्यांदा ऐकणारी मुलगी बोलत होती. “डावीकडे अधिक सतरा, उजवीकडे अधिक बावीस. लोखंड एकेक इलेक्ट्रॉन देतं, कथिल दोन-दोन. पाच कथिलांनी दिले दहा, परमँगनेटनं घेतले पाच. बाकीचे पाच कुणाच्या खिशात गेले?”

वर्गात खसखस पिकली.

“शाब्बास!” सर म्हणाले. “मी मुद्दामच चुकवलं होतं. म्हटलं, बघू कोण जागं आहे.”

“वा,” साहेब म्हणाले. “मग आता दुरुस्त करा.”

सरांनी पाचाचे सहा केले. लांबून बघितलं. सहाचे पुन्हा पाच केले. मग फळा पुसायला घेतला. ज्या कोपऱ्यात काहीच लिहिलं नव्हतं तोही लख्ख पुसला. शेवटी मुलगीच उठली. समीकरण पुन्हा मांडलं, परमँगनेट दोन घेतले, त्यापाठोपाठ मँगनीज दोन, हायड्रोजन सोळा, पाणी आठ. “आता दहा दिले, दहा घेतले,” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

“खुर्ची गेली,” घरी आल्यावर सरांनी चपला काढायच्या आधीच जाहीर केलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. पहिली ओळ : ‘यांना वर्गापासून दूर ठेवण्यात विद्यार्थ्यांचे हित आहे.’ दुसरी ओळ : ‘सबब, तास घ्यावे लागू नयेत म्हणून मुख्याध्यापकपदी नेमणूक करावी.’

सरांनी बायकोला दुसऱ्या ओळीचा शेवट तेवढा वाचून दाखवला.

आता मुलं त्यांना ‘सतरा-बावीस’ म्हणतात. सरांच्या ते कानावर आलंय. वरच्या पदाला आकडाही मोठाच शोभतो, असं त्यांचं मत आहे.